दफ्तर कोणाचे? साताऱ्याच्या रुमालांपासून सांगलीच्या पुरापर्यंत

१/
१८२६ साली लंडनमध्ये जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला. १८१८ नंतर साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या या अधिकाऱ्याला राजघराण्याचे आणि सरदार घराण्यांचे कागद पाहावयास मिळाले होते. ज्या हस्तलिखितांचा आधार घेतला, त्यांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे त्याने तळटीपांत नोंदवले. पुढच्या पिढ्यांतील मराठी अभ्यासकांनी त्या नकलांचा शोध घेतला. हाती काही लागले नाही.

२/
मग बोलवा उठली की डफने कागद जाळले. या आरोपाला सबळ पुरावा नाही. तरी तो शतकभर टिकून राहिला. त्याचे कारण सरळ आहे. पुस्तक समोर आणि पुराव्याचे कागद अदृश्य, अशी स्थिती असली म्हणजे वाचकाला लेखकावर विश्वास तरी ठेवावा लागतो किंवा संशय तरी घ्यावा लागतो. पडताळणीचा तिसरा मार्ग बंद झालेला असतो. १८६० च्या दशकाच्या अखेरीस नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने डफवर टीका केली, तेव्हा त्याच्या हाती बखरी होत्या. डफचे मूळ कागद नव्हते.

३/
ही केवळ इतिहासकारांची जुनी तक्रार आहे असे समजणे चूक ठरेल. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गेल्या दोनशे वर्षांत तोच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आहे: प्रथम मोडी कागदांच्या बाबतीत, नंतर भूकंपाच्या आलेखांबाबत आणि आता कृष्णेच्या पाण्याबाबत. गोळा केलेली माहिती गोळा करणाऱ्याची, की तिची गरज पडेल त्या प्रत्येकाची?

४/
या प्रश्नाला या भूमीतील सर्वांत ठाम उत्तर मिरजेच्या एका शाळामास्तराने दिले. वासुदेव वामन खरे, अर्थात वासुदेवशास्त्री, मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. पटवर्धन सरदारांची पत्रे त्यांना पाहावयास मिळाली. १८९७ पासून त्यांनी ती 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने छापावयास आरंभ केला आणि १९२४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते काम सोडले नाही. पुढचे भाग त्यांच्या मुलाने काढले.

५/
खऱ्यांना या कागदांवरून एखादा झोकदार ग्रंथ लिहून दफ्तर पुन्हा बांधून ठेवता आले असते. त्यांनी मूळ पत्रेच लोकांपुढे ठेवली. पत्र कोणी कोणास लिहिले, कोठून लिहिले, त्याची तिथी कोणती, हे ठरवून त्यांनी त्यांचा क्रम लावला आणि अधूनमधून संदर्भ पुरविला. म्हणूनच पाटण्यास अध्यापन करणाऱ्या जदुनाथ सरकारांना मिरजेच्या वाड्यातील पत्रे वाचता आली. गोविंद सखाराम सरदेसायांच्या रियासतीला पाया मिळाला. खऱ्यांचे निष्कर्ष न पटणाऱ्यालाही खऱ्यांचीच साधने वापरून वाद घालता येतो. संशोधकाची याहून मोठी प्रामाणिकता दाखविणे कठीण आहे.

६/
त्याच सुमारास साताऱ्याच्या उत्तरेस वाईमध्ये विश्वनाथ काशिनाथ राजवाडे पानिपतकालीन कागद वाचीत होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे तिचे बावीस खंड झाले. राजवाड्यांच्या प्रस्तावना तिखट असत आणि त्यांतील काही मते आज कोणी स्वीकारणार नाही. पण प्रस्तावनेमागे अस्सल कागद छापलेला असल्यामुळे ती मते नाकारण्याचे साधनही त्यांनीच वाचकाच्या हाती दिले आहे.

७/
सरकारचे वर्तन याच्या नेमके उलट होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद होते. राजवाडे हयात असेपर्यंत ते खासगी अभ्यासकांना मोकळेपणाने पाहता येत नसत. १९२६ अखेर राजवाडे वारले. त्यानंतर सरदेसायांच्या हाती दफ्तर आले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. चार वर्षांत जे होऊ शकले ते त्यापूर्वी होऊ दिले गेले नाही, एवढाच याचा अर्थ. वाचन करू शकणारी माणसे नव्हती, ही सबब तरी कोणी सांगू नये.

८/
साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे उदाहरण निराळे. नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दफ्तरासह त्यांनी जमविलेला संग्रह अफाट होता. 'इतिहाससंग्रह' मासिकातून त्यांनी पुष्कळ कागद उजेडात आणले आणि अखेरीस संग्रहासाठी साताऱ्यात वस्तुसंग्रहालय उभे राहिले. १९३९ मध्ये तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याच्या विद्यार्थ्याला आपल्या गावचे कागद पाहावयास पुण्यास जावे लागते, याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तथापि संग्रह टिकला, कारण तो एका घराच्या माळ्यावर राहिला नाही.

९/
येथवरची कथा इतिहासप्रेमींना ठाऊक असते. अडचण पुढे आहे. या पत्रांत मोहिमा, तह आणि कारस्थाने आहेत म्हणून ती केवळ इतिहासकारांची, असे गृहीत धरले गेले. प्रत्यक्षात छावणीतून किंवा गावाहून लिहिणारा कारकून पाऊस पडला की ओढला, नदीला उतार आहे की नाही, चारा मिळतो का, रोगराई आहे का, धान्याची धारण काय, हेही लिहीत असे. सैन्याचे पोट त्यावर अवलंबून होते. संपादित खंडांच्या सूचीत मात्र सहसा व्यक्तींची आणि स्थळांची नावे सापडतात. पाऊस, पूर, धारण यांना सूचीत जागा मिळत नाही. मजकूर छापला गेला, पण हवामानाच्या अभ्यासकापुरता तो बांधलेलाच राहिला.

१०/
आणि तो उघडला तरी पुरत नाही. धारण लिहिताना रुपयास इतके शेर किंवा इतक्या पायल्या असे लिहितात. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी स्वस्ताई. आजच्या सवयीने तो आकडा भाव समजून आलेखावर मांडणारा अर्थशास्त्रज्ञ दुष्काळाला सुकाळ ठरवील. पायलीचे मापही गावोगाव सारखे नव्हते.

११/
तिथीचे तसेच. 'इसन्ने सबैन मया व अलफ' हे शब्द म्हणजे शुहूर सन ११७२. त्यात ५९९ मिळविले की १७७१. पण हे वर्ष मृग नक्षत्री सुरू होते, म्हणून जानेवारीतील पत्रासाठी ६०० मिळवावे लागतात. पावसाच्या अभ्यासात एका वर्षाची चूक म्हणजे सगळा अभ्यास फुकट. हे ज्ञान मोडी जाणणाऱ्याजवळ आहे आणि पावसाचे गणित हवामानशास्त्रज्ञाजवळ. दोघे एकमेकांच्या कचेरीत कधी पाऊल टाकीत नाहीत.

१२/
याची किंमत किती मोठी असू शकते, हे कोयनेने दाखविले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. तीव्रता सुमारे ६.३. दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. शिवाजीसागरात पाणी साठू लागल्यावर, १९६२ पासून, लहान धक्के जाणवू लागले होते. जलाशयाच्या पाण्यामुळे उद्भवणाऱ्या भूकंपांचे जगातील ठळक उदाहरण म्हणून आज कोयनेचे नाव घेतले जाते.

१३/
आता एक छोटी नोंद पाहावी. भूकंपांच्या जुन्या याद्यांत महाबळेश्वर परिसरातील १७६४ च्या एका भूकंपाचा उल्लेख येतो. धरणाच्या दोनशे वर्षे आधी याच डोंगररांगेत मोठा धक्का बसला होता का, बसला असल्यास कोठवर जाणवला, कोणत्या गावची भिंत पडली, किती दिवस जमीन हलत राहिली, ही माहिती कोयनेच्या शास्त्रज्ञाला अमूल्य ठरेल. धरणाने भूकंप निर्माण केला की आधीपासून ताणलेल्या खडकाला निमित्त पुरविले, या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे. १७६४ हे थोरल्या माधवरावांचे वर्ष. पेशवे हैदराविरुद्धच्या मोहिमेत गुंतलेले, पत्रव्यवहार भरपूर, सातारा-वाईत लिहिणारी माणसे पुष्कळ. त्या वर्षाची पत्रे इतिहासकार हैदरासाठी वाचतो. त्यांत धरणीकंपाचे वाक्य आहे किंवा कसे, हे विचारावयास भूकंपशास्त्रज्ञ येत नाही, कारण विचारता येते हेच त्याला कोणी सांगितलेले नाही.

१४/
मोकळ्या माहितीने काय साधते, याचे उदाहरणही कोयनेतच आहे. १९६७ च्या भूकंपाच्या वेळी धरणाच्या आत एक त्वरणमापक यंत्र बसविलेले होते. हादऱ्याचा आलेख त्याने टिपला. धरणाच्या भिंतीचा उतार जिथे बदलतो तेथे, माथ्याच्या बाजूला, तडे गेले होते. म्हणजे हादरा किती बसला आणि त्याने काय केले, ही दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी उपलब्ध झाली. असा योग क्वचितच येतो. तो आलेख प्रसिद्ध झाला, कॅलिफोर्नियातील बर्कले येथे अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यासला. आज काँक्रीटच्या धरणांची भूकंपक्षमता तपासणाऱ्या संगणकीय पद्धती कोयनेच्या त्या काही सेकंदांवर पारखून घेतल्या जातात. नामांकित अभियांत्रिकी प्रणालींच्या मार्गदर्शिकांत कोयना धरण हे पाठ्य उदाहरण आहे. पाटण तालुक्यातील एका घाटात टिपलेली रेघ चीन, इराण आणि अमेरिकेतील विद्यार्थी सोडवीत बसतात. ती कपाटात राहिली असती तर?

१५/
सुरक्षिततेची सबब येथेच तपासून घ्यावी. १९६० च्या दशकात अमेरिकेने जगभर एकसारखी भूकंपमापन केंद्रे उभारली. पुण्यातही एक होते. त्यामागचा एक हेतू शत्रूच्या भूमिगत अणुचाचण्या ओळखणे हा होता. म्हणजे जन्म संशयातून झाला. तरीही त्या केंद्रांच्या नोंदींच्या फिल्मी प्रती मागेल त्या संशोधकाला खर्चाच्या दरात मिळत. कोयनेच्या भूकंपाचाही अभ्यास अशा दूरदूरच्या नोंदींवर झाला. शीतयुद्धाच्या ऐन भरात जे देता आले, ते आज एखाद्या नदीच्या पाणीपातळीबाबत देता येत नाही असे म्हणणाऱ्याने निदान कारण सांगावे.

१६/
कोयनेतील शोध संपलेला नाही. पाचपेक्षा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के या छोट्याशा टापूने १९६७ पासून सोसले. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला विंधनविवर भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खणण्यात आले. काळ्या पाषाणाचे थर सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतात आणि खाली ग्रॅनाइट लागतो. सह्याद्रीच्या पोटातील हा नमुना सार्वजनिक पैशाने वर आलेला आहे. त्याचा उपयोग भूकंपशास्त्रज्ञाला आहे, तसाच भूजल शोधणाऱ्याला आणि खडकातील सूक्ष्मजीव अभ्यासणाऱ्यालाही. कोणाला काय उपयोग होईल, हे खणणाऱ्याने आधीच ठरवू नये. खऱ्यांना तरी कोठे ठाऊक होते की पटवर्धनांच्या पत्रांत पुढे कोणी पाऊस शोधील?

१७/
जपानात सुवा सरोवर हिवाळ्यात कधी गोठले, याच्या नोंदी तेथील देवस्थानाच्या पुजाऱ्यांनी पंधराव्या शतकापासून ठेवल्या. आज हवामानबदलाचे अभ्यासक त्या वापरतात. पश्चिम भारतातील १७८१ ते १८६० या काळातील पावसाचा मागोवा जॉर्ज ॲडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी जुन्या कागदपत्रांवरून घेतला. ती कागदपत्रे मुख्यतः इंग्रजी होती. दोष त्यांचा नाही. मोडीतील पाऊस त्यांना वाचता येईल अशा रूपात कोणी ठेवलाच नव्हता.

१८/
सुवाची बरोबरी करणारी सामग्री कृष्णाकाठी नसेल असे मानण्याचे कारण नाही. नरसोबाच्या वाडीस पुराचे पाणी उत्तरद्वाराने शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविकाला ते पुण्यस्नान. जलशास्त्रज्ञाला तीच एका ठरावीक उंचीची खूण. या सोहळ्याच्या तिथी ज्या कोणाच्या जुन्या वह्यांत असतील, त्याच्या घरात नदीच्या पातळीचा इतिहास आहे. वाईच्या ढोल्या गणपतीची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगावे म्हणून. १७६२ च्या सुमारास ते देऊळ बांधविणाऱ्या रास्त्यांना आणि त्यांच्या गवंड्यांना नदी किती चढते याचा काही अंदाज असल्याखेरीज ही भिंत उभी राहिली नसती.

१९/
आणि मग सांगली. १९२९ च्या आयर्विन पुलावर पाणी किती फुटांवर आहे, यावर पावसाळ्यात या शहराची झोप ठरते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळिसांना धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली नाव उलटून अनेकांचे प्राण गेले, त्यांत स्त्रिया आणि मुले होती.

२०/
पूर ओसरताच वाद सुरू झाला तो अलमट्टीचा. कर्नाटकाने पाणी अडविले म्हणून सांगली बुडाली, असे एक बाजू म्हणते. वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला जबाबदार धरले नाही. कृष्णा लवादाने २०१० मध्ये धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिल्यामुळे भीती अद्याप जिवंत आहे. कोण बरोबर, हा या धाग्याचा विषय नाही. कोणीही बरोबर असले तरी सांगलीच्या नागरिकाला ते स्वतः पडताळता येत नाही, हा विषय आहे. कोयनेतून कोणत्या तासाला किती विसर्ग झाला, वारणेतून हरिपूरच्या संगमावर किती आले, त्याच तासाला अलमट्टीत पातळी किती होती, पाऊस कोठे किती झाला: या चार रांगा एकमेकींशेजारी मांडल्या की बराचसा वाद आकड्यांवर येईल. नागरिकाच्या मोबाइलवर मात्र बहुधा येते ते एखाद्या तक्त्याचे तिरपे छायाचित्र, आदल्या दिवसाचे, खाली मागील वर्षांचा मागमूस नसलेले.

२१/
त्यातही आयर्विन पुलाचे फूट आणि अलमट्टीचे मीटर. एक आकडा पुलाजवळच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचा, दुसरा समुद्रसपाटीपासूनचा. मोजपट्टीचे शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर, हे सोबत लिहिले नाही तर दोन्ही आकडे खरे असूनही त्यांची तुलना होत नाही. पायलीचे माप न सांगता धारण छापण्यासारखेच हे. आकडा दिला, म्हणजे माहिती दिली, असे मानणाऱ्या प्रत्येक कचेरीने खऱ्यांचा एक भाग उघडून पाहावा. एका शाळामास्तराने तिथी लावण्यासाठी किती कष्ट घेतले आहेत ते दिसेल.

२२/
ग्रँट डफचे कागद दिसत नव्हते, म्हणून त्याने ते जाळले असे लोक म्हणाले. धरणाचे तासागणिक आकडे दिसत नाहीत, म्हणून पाणी मुद्दाम अडविले असे लोक म्हणतात. लोकांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण बोलवा पिकविण्याची सोय कोणी केली?

२३/
धोरणाचा अभावही नाही. सार्वजनिक पैशातून निर्माण झालेली, संवेदनशील नसलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात खुली करावी, असे भारत सरकारचे राष्ट्रीय धोरण २०१२ पासून आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाने १९०१ पासूनच्या पावसाची चौकटवार आकडेवारी विनामूल्य उतरवून घेण्यास ठेवली आहे, आणि त्याने देशाचे काही बिघडलेले नाही. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो.

२४/
आक्षेप उरतात ते दोन. रुग्णाचे नाव, व्यक्तीची खासगी बाब, खरोखर नाजूक अशी सुरक्षाविषयक माहिती झाकलीच पाहिजे. यावर वाद नाही. पण 'संवेदनशील' हा शिक्का ज्याने मारला त्याने तो का मारला आणि किती वर्षांसाठी, हे लिहून ठेवावे. दुसरा आक्षेप श्रेयाचा: कष्ट आमचे आणि प्रबंध दुसऱ्याचा. ही भीती खोटी नाही. कागद वापरून मूळ शोधकाचे नाव गाळणारे महाभाग प्रत्येक विद्याशाखेत आहेत. त्यावरचा उपाय उल्लेखाची सक्ती हा आहे. खऱ्यांचे नाव शंभर वर्षांनीही तळटीपांत छापले जाते. ज्यांनी आपले रुमाल जन्मभर उघडले नाहीत, त्यांची नावे कोणाला सांगता येतील?

२५/
हा आरोप केवळ सरकारवर आणि संस्थांवर करून तरुण इतिहासप्रेमींची सुटका होत नाही. वाड्यात सापडलेल्या मोडी पत्राचे छायाचित्र घ्यायचे, ऐन मजकुरावर स्वतःच्या पानाचे नाव आडवे छापायचे, गाव आणि घराणे सांगायचे नाही, आणि कोणी वाचन मागितले तर 'लवकरच पुस्तक येत आहे' म्हणायचे, हा प्रकार आज शेकडो ठिकाणी चालतो. पुस्तक येत नाही. मोबाइल बदलतो, छायाचित्र जाते, वाडा पडतो. वीरगळ आणि शिलालेखांच्या बाबतीत तर 'स्थळ गुप्त' ही जणू प्रतिष्ठेची खूण झाली आहे. चोरीच्या भीतीने नेमकी जागा लपविणे समजू शकते. वाचन लपविण्याला मात्र कोणतेही समर्थन नाही.

२६/
करावयाचे काम मोठे नाही, कंटाळवाणे मात्र आहे. छापील खंडांतील प्रत्येक पत्रातून पाऊस, पूर, धारण, रोगराई, धरणीकंप ही वाक्ये वेगळी काढावयाची. त्यांपुढे मूळ तिथी, इंग्रजी तारीख, गाव, मापाचे नाव आणि खंडाचे पृष्ठ लिहावयाचे. आणि तो तक्ता कोणालाही उतरवून घेता येईल अशा जागी ठेवावयाचा. वाचन संशयास्पद असेल तेथे तसे लिहावयाचे. खऱ्यांचे भाग आणि राजवाड्यांचे खंड त्यासाठी उपलब्ध आहेत, त्यांवर कोणाचे कुलूप नाही. सुरुवात १७६४ च्या पत्रांपासून करता येईल.